मदत हवी आहे: घाटात रात्री ससा, उदमांजर, बेडूक आडवे आले तर ब्रेक मारायचा की नाही?

नमस्कार मंडळी,

प्रश्न सरळ आहे पण त्यावरून घरात वाद चाललाय म्हणून इथे विचारते. गाडी चालवताना छोटा प्राणी, म्हणजे कुत्र्याचं पिल्लू, मांजर, ससा, मुंगूस, घोरपड, साप असं काही अचानक समोर आलं तर ब्रेक मारायचा का? आणि मारायचा तर किती जोरात? गवा किंवा म्हैस असेल तर प्रश्नच येत नाही, तिथे थांबावंच लागतं. मी विचारतेय ते गुडघ्याखालच्या प्राण्यांबद्दल.

आमचं घर आंबोलीत, नोकरी सावंतवाडीत. येणंजाणं घाटातून, आणि ऑफिसात उशीर झाला की घाट अंधारातच चढावा लागतो. कार चालवायला लागून फार दिवस झालेले नाहीत पण हात बसलाय. ज्यांनी पावसाळ्यात हा घाट रात्री पाहिलाय त्यांना कळेल मी काय म्हणतेय ते. धुकं असतं, वायपर फुल स्पीडवर, आणि हेडलाइटच्या उजेडात पुढच्या वळणापर्यंत रस्त्यावर बारीक दगड पसरल्यासारखं दिसतं, मग त्यातला एक दगड उडी मारतो. सगळे बेडूक. मधेच कुर्ल्या नांग्या वर करून आडव्या चालत असतात. सकाळी त्याच रस्त्याने खाली उतरताना काय दिसतं ते लिहीत नाही.

माझा दीर मालाची गाडी चालवतो, बेळगाव-गोवा लाइनवर. त्याचं म्हणणं, "वहिनी, बारक्या जनावरासाठी ब्रेक मारायचाच नाही, स्टेअरिंग तर हलवायचंच नाही, मागनं डंपर येऊन बसला तर काय करणार?" तो काही दगडाच्या काळजाचा माणूस नाही, रस्त्यावरच्या कुत्र्यांना बिस्किटं घालणारा आहे, आणि गाडी माझ्यापेक्षा कितीतरी पट जास्त चालवलीय त्याने. मिस्टर म्हणतात हॉर्न वाजव आणि जा. लेक मागच्या सीटवरून "आई थांब, आई थांब" ओरडते. आणि मला स्वतःला समोर जिवंत काहीतरी दिसत असताना पाय ॲक्सिलरेटरवर तसाच ठेवणं जमत नाही आणि जमावं असंही वाटत नाही. पण लेकीला घेऊन दरीत जायचं नाही हेही तितकंच खरं.

तर ओल्या रस्त्यावर नक्की करायचं काय, मागच्याने ठोकलं तर चूक कुणाची धरतात, इन्शुरन्स मिळतो का, आणि प्राणी जखमी झाला तर कुणाला फोन करायचा, यातलं ज्याला जे माहीत असेल ते प्लीज सांगा. "एवढा विचार कशाला करता" असं कृपया लिहू नका, ते घरी ऐकतेच आहे.

गावठी_माणूस: ब्रेक मारायचा. जीव आहे तो. एवढंच.

रिटायर_एसटीवाला: ताई, तुमचा दीर अर्धा बरोबर आहे. स्टेअरिंग हलवायचं नाही हे अगदी खरं. घाटात एका बाजूला डोंगर आणि गटार, दुसऱ्या बाजूला समोरून येणारी गाडी आणि तिच्यापलीकडे दरी. सशाला चुकवायला गेलेली गाडी कठड्यावर गेलेली मी पाहिलीय आणि ससा तोवर झुडपात गेला होता. एसटीत उभे पॅसेंजर असायचे, कुत्रं आलं म्हणून कचकन ब्रेक दाबला तर दांडा धरून उभी असलेली म्हातारी पुढे फेकली जाणार, म्हणून आम्हाला सवयच लागली की आधी आरसा बघायचा, मग पाय. तुम्हीही तेच करा. आरसा तेव्हा नाही बघायचा, सतत बघत राहायचा, म्हणजे प्राणी दिसला त्या क्षणी मागे कोण आहे ते डोक्यात तयार असतं. मागे कुणी नाही तर सरळ रेषेत पाहिजे तेवढा ब्रेक मारा. मागे चिकटून कुणी असेल तर पाय उचला, हलका ब्रेक दोन-तीनदा टपटप करा म्हणजे त्याला लाल दिवा दिसेल, आणि स्टेअरिंग सरळ.

दीर अर्धा चूक कुठे ते पण सांगतो. ब्रेक मारू की नको हा प्रश्न येतोच कधी, तर गाडी जोरात असली की. हिशोब करा. ताशी 60 ला गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते. डोळ्याला दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद, म्हणजे 17 मीटर तर फुकटच गेले. पुढे कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरची गाडी साधारण 20 मीटरमध्ये थांबते, ओल्यावर 30 धरा. झाले 47. आणि डिपरवर, म्हणजे हेडलाइट खाली केल्यावर, उजेड पडतो साधारण 40 मीटर. म्हणजे दिसेपर्यंतच उशीर झालेला असतो, मग तुम्ही कितीही मनाने चांगल्या असा. तेच ताशी 40 ला एका सेकंदाचे 11 आणि ओल्यावर थांबायला 14, पंचवीस मीटरमध्ये गाडी उभी. आंबोलीच्या धुक्यात 40 सुद्धा जास्तच, 25-30 ला दुसऱ्या गिअरवर चढा. खाली उतरताना ज्या गिअरवर चढता त्याच गिअरवर उतरा, न्यूट्रल अजिबात नाही. मागचा हॉर्न मारत असेल तर जागा मिळेल तिथे डावीकडे घेऊन त्याला जाऊ द्या, तो गेला की तुमची अर्धी भीती गेली.

गाडीला एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेलच, 2019 पासून नवीन गाड्यांना सक्तीचं आहे. वेळ आली तर पेडल पूर्ण दाबून धरा, पायाखाली थरथरतं त्याला घाबरून पाय उचलू नका.

दुचाकीवाली: एसटीवाले काका, हे सगळं चारचाकीला ठीक. स्कूटरवाल्यांसाठी कुत्रं हा छोटा प्राणी नाहीच, पुढच्या चाकाखाली आलं की माणूस हवेत. आणि ओल्या रस्त्यावर पुढचा ब्रेक जोरात दाबला तरी तेच. आम्ही काय करायचं तर मुळातच हळू, दोन्ही ब्रेक एकत्र, हँडल सरळ, आणि रस्त्याकडेला कुत्रं बसलेलं दिसलं की ते उठणारच असं धरून चालायचं. मांजर आडवं गेलं म्हणून अपशकुनाच्या भीतीने मध्येच थांबणारे लोक असतात ना, त्यांच्यामुळे मागच्या दुचाकीवाल्याचे हातपाय मोडतात. मांजराला वाचवायला थांबलात तर निदान कारण तरी आहे.

कोर्टकचेरी: कायद्याचं सांगतो. मागून ठोकलं तर चूक कायम मागच्याचीच असं लोक समजतात, ते पूर्ण खरं नाही. 2025 च्या जुलैमध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, कोइमतूरजवळचा 2017 चा अपघात. हायवेवर कार अचानक थांबली, मागची मोटरसायकल तिला धडकली, पोरगा पडला आणि मागून आलेल्या बसखाली त्याचा पाय गेला. कारवाल्याचं म्हणणं होतं की बायको गरोदर आहे, तिला उलटीसारखं झालं म्हणून थांबलो. कोर्टाने ते मान्य केलं नाही, इशारा न देता हायवेवर अचानक थांबणं हा निष्काळजीपणा म्हटलं. जबाबदारी कारवाल्याची 50 टक्के, बसची 30, आणि अंतर न ठेवल्याबद्दल मोटरसायकलवाल्याची 20. म्हणजे दोघांनाही लागू आहे, पुढच्याने विनाकारण कचकन थांबायचं नाही आणि मागच्याने अंतर ठेवायचं. छोटा प्राणी हे कारण पुरेसं का, ते त्या त्या प्रसंगावर ठरेल.

उलट बाजू, चुकून प्राणी मेला तर? मुंबईत 2020 साली मरीन ड्राइव्हवर एका डिलिव्हरी करणाऱ्या मुलाच्या बाइकखाली कुत्रा आला, तो मुलगा स्वतःही पडला, आणि त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. मुंबई हायकोर्टाने तो रद्द केला. बेदरकार गाडी चालवण्याची ती कलमं माणसाला इजा झाली तर लागतात, आणि कुत्र्याला मारायचा हेतू नव्हता असं म्हटलं, वर सरकारला 20 हजार खर्च त्या मुलाला द्यायला लावला. पण मुद्दाम अंगावर घातली तर वेगळं, भारतीय न्याय संहितेचं कलम 325 प्राण्याला ठार मारणं किंवा जायबंदी करणं यासाठीच आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. वन्यप्राणी असेल तर 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहेच, तुमच्या भागातली घोरपड आणि खवले मांजर दोन्ही त्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वात जास्त संरक्षण असलेल्या यादीत.

इन्शुरन्सचं सांगायचं तर, फुल पॉलिसी असेल तर प्राण्याला धडकून झालेलं तुमच्या गाडीचं नुकसान मिळतं. नुसती थर्ड पार्टी असेल तर नाही.

जंगलवेडा: ताई तुम्ही हा प्रश्न विचारलात याचंच बरं वाटलं. कोणता प्राणी काय करतो हे माहीत असलं की ब्रेक कमी लागतो. ससा उजेडात सापडला की रस्ता सोडत नाही, उजेडातच पुढे पळत राहतो. हॉर्न नका वाजवू, डिपर करा आणि स्पीड कमी करा, तो बाजूला जातो. रातवा नावाचा पक्षी रात्री रस्त्यावर बसलेला असतो, डोळे निखाऱ्यासारखे चमकतात आणि अगदी गाडी जवळ आल्यावर उडतो, त्याला दोन सेकंद मिळाले तरी पुरतात. पाऊस थांबल्यावर रस्ता गरम असतो म्हणून साप येऊन पडतात, घोणस तर हलायलाच तयार नसते. खवले मांजर सगळ्यात वाईट, धोका वाटला की ते पळत नाही, अंगाचा चेंडू करून जागेवरच बसतं. बिबट्याचे दात त्याच्या खवल्यांवर चालत नाहीत, पण टायरपुढे तो चेंडू काय करणार. तिथे थांबण्याशिवाय उपाय नाही. आणि एक गेलं की मागून दुसरं येणार हे धरूनच चाला, विशेषतः कुत्री आणि रानडुकराची पिल्लं.

बेडकांचं म्हणाल तर प्रत्येकासाठी ब्रेक शक्य नाही. पण पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री ते सगळे एकदमच बाहेर पडतात, त्या रात्रींना जमलं तर अंधार पडायच्या आत घाट चढून जा. आंबोली टोड, जो 2009 मध्ये नवी जात म्हणून नोंदवला गेला, तो तुमच्या सड्यांच्या (उघड्या कातळपठारांच्या) परिसराबाहेर जवळजवळ कुठेच नाही आणि अतिसंकटग्रस्त यादीत आहे. त्याच्यासाठी तुमचा रस्ता म्हणजे फार मोठी गोष्ट आहे.

फोन कुणाला करायचा तर, वन्यप्राणी जखमी असेल तर वनखात्याचा 1926. गाय, कुत्रा वगैरे असेल तर 1962. थांबलात तर आधी गाडी बाजूला, चारही इंडिकेटर (हॅझर्ड लाइट) चालू, मग उतरा. कळवळा आला म्हणून ससा किंवा उदमांजर उचलून घरी नेऊ नका, कायद्याने अडचणीत याल आणि ते प्राणी धास्तीनेच मरतात.

म्युनिककर: इथला अनुभव सांगतो, उपयोग होईल. जर्मनीत आपलं लायसन्स सहा महिनेच चालतं, मग लेखी आणि प्रॅक्टिकल दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. मला ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या बाईने पहिल्याच आठवड्यात सांगितलं, मागे गाडी असेल तर हेजहॉग (साळूसारखा छोटा काटेरी प्राणी), खार, मांजर यासाठी फुल ब्रेक मारायचा नाही. नियमातच आहे की सबळ कारणाशिवाय पुढच्याने जोरात ब्रेक मारू नये, आणि कोर्टं छोट्या प्राण्याला सहसा सबळ कारण मानत नाहीत, मग थोडी जबाबदारी पुढच्यावरही येते. हरीण, रानडुक्कर असेल तर गोष्ट वेगळी. कोल्ह्याला चुकवायला स्टेअरिंग फिरवून गाडी आपटल्याची एक केस त्यांच्या सर्वोच्च फेडरल कोर्टात गेली होती, 2003 मध्ये, आणि एवढ्या छोट्या प्राण्यासाठी एवढी जोखीम घेणं योग्य नाही असं कोर्टाने ठरवलं.

मला ऐकून कसंतरी झालं होतं. पण तेच लोक वसंतात रस्त्याकडेला बुटकी कुंपणं घालतात, तळ्याकडे निघालेले टोड त्या कुंपणालगत पुरलेल्या बादल्यांत पडतात आणि गावातली माणसं रोज सकाळ-संध्याकाळ बादल्या उचलून त्यांना पलीकडे नेऊन सोडतात. काही रस्त्यांवर तेवढे दिवस ताशी 30 ची पाटी लागते. म्हणजे ड्रायव्हरच्या पायावर सगळं सोडलेलंच नाही.

जंगलवेडा: हेच म्हणायचं होतं. आपल्याकडेही मोठ्या प्राण्यांसाठी झालंय की. नागपूर-जबलपूर रस्त्यावर पेंचमध्ये हायवे खांबांवर उचलून खालून वाट ठेवलीय, त्यातली सगळ्यात लांब 750 मीटर आहे, आणि 2019 मध्ये तिथे कॅमेरे लावले तर वाघासकट 18 जातींचे प्राणी खालून जाताना टिपले गेले. बेडकाला तर एवढं काही लागत नाही, रस्त्याखालच्या मोऱ्या साफ ठेवल्या आणि स्पीड कमी केला तरी खूप.

धागाकर्ती: सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचा 47 आणि 40 चा हिशोब दिराला वाचून दाखवला, तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला लोड गाडीचं अंतर तर याहून जास्त येतं. आरसा बघत राहायची सवय लावून घेते. मागच्याला पुढे जाऊ देणं हे तर मला सुचलंच नव्हतं, मी उलट त्याच्या हॉर्नने घाबरून स्पीड वाढवत होते.

आता नवीन प्रश्न. म्युनिककर म्हणतात तशी पाटी आमच्या घाटात जूनपासून चार महिने लावून घ्यायची असेल तर अर्ज कुणाकडे करायचा? बांधकाम खातं की वनखातं की ग्रामपंचायत? आमच्या शेजारच्या पोरांची तयारी आहे, ती पावसात बॅटरी घेऊन कुठल्या वळणांवर बेडूक जास्त मरतात ते लिहून काढायला निघालीच आहेत. त्यांना एकटं पाठवायचं नाही आणि चमकणारी जाकिटं घातल्याशिवाय पाठवायचं नाही हे मी ठरवलंय.

जंगलवेडा: रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्याकडे, म्हणजे बांधकाम खात्याच्या उपविभागीय अभियंत्यांना मूळ अर्ज, प्रत वनक्षेत्रपालांना, आणि सोबत ग्रामसभेचा ठराव जोडा. ठराव असला की वजन येतं. पोरांना सांगा जागा लिहिताना किलोमीटरचा दगड, वेळ आणि पाऊस किती होता ते तिन्ही लिहा, मोबाइलवर फोटो काढताना लोकेशन चालू ठेवा. मेलेला बेडूक फोटो काढून झाल्यावर बाजूला सरकवा, नाहीतर तो खायला कावळे, मुंगूस येतात आणि तेही चाकाखाली जातात.

रिटायर_एसटीवाला: अर्जात डेपोचं नाव पण घाला ताई, रात्रीच्या गाड्यांच्या ड्रायव्हरांच्या सह्या मी आणून देतो. मसुदा झाला की व्यनि (खाजगी निरोप) करा.