स्वर्गाची ओढ आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांतून आटत चालली आहे का?

कृष्णाकाठ (सांगली): आमच्या मंडळीत प्रार्थनेच्या विनंत्या ऐका: नोकरी, प्लॉटची केस, मुलाचा व्हिसा. मागायला हरकत काहीच नाही. पण ‘प्रभू, तुझ्याकडे यायचंय’ हे फक्त अंत्यविधीला कानावर पडतं. बायबलमधल्या इब्री ११ मध्ये अब्राहाम देवानं वचन दिलेल्या देशात असूनही तंबूत राहिला, कारण नजर देवानं बांधलेल्या नगराकडे होती. आपण इथेच कायमचा मुक्काम ठोकलाय. सासुरवाशिणीला माहेराची असते तशी ओढ विश्वासणाऱ्याला नसेल, तर काहीतरी बिघडलंय.

मिरजवाला: अजिबात पटत नाही. ही ओढ पुष्कळदा अंग काढून घ्यायच्या कामी येते. २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५. ‘जग नाशवंतच आहे’ म्हणणारे तेव्हाही भेटले. लोकांना हवा होता कोरडा कपडा आणि घरातला गाळ उपसणारा माणूस. बाबेलात नेलेल्या यहुदी बंदिवानांना तर खरोखरच घरी जायचं होतं. तरी यिर्मया संदेष्ट्यानं त्यांना पत्रात लिहिलं, घरं बांधा, बागा लावा, त्या नगराचं हित पाहा. मिरजेत मिशनरी डॉ. वानलेस यांनी १८९४ साली रुग्णालय सुरू केलं. ते आकाशाकडे बघत बसले असते तर?

कृष्णाकाठ: वानलेस माझ्याच बाजूचे! कॅनडात जन्मलेला माणूस सगळं सोडून मिरजेत येतो, उभं आयुष्य रुग्णांत घालवतो. जे मिळवायचं ते इथेच, असं मानणारा हे करेल का? आणि यिर्मयाच्या त्याच पत्रात, सत्तर वर्षांनी परत आणीन, हे वचनही आहे. तेवढं का गाळलंत?

सातारची लेक: मला ‘माहेर’च खटकतं. मग पृथ्वी सासर ठरते, निमूट सोसायची जागा. स्तोत्र २४ म्हणतं, पृथ्वी परमेश्वराची आहे. प्रकटीकरण २१ मध्ये आपण वर जात नाही, नगर खाली उतरतं, देव माणसांत वस्तीला येतो. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनी एकत्र यावं म्हणून. तो इथेच, माणसांत भरवायचा होता.

कृष्णाकाठ: ताई, नगर उतरतं हे मान्य. पण ते अजून उतरलेलं नाही ना. आमची आई शेवटी अंथरुणाला खिळली होती. दिसायचं कमी झालेलं, तरी योहान १४ चं पान उघडून द्यावं लागे. ‘माझ्या पित्याच्या घरात’ आलं की ओळीवर बोट फिरवत राहायची. तिला मी पृथ्वीच्या नवीकरणावर काय बोलणार होतो? तिला घरी जायचं होतं. प्रेषित पौलालाही जायचं होतं; फिलिप्पै १ मध्ये तो उघड सांगतो.

मिरजवाला: आईंच्या उशाशी योहान १४ च वाचायचं, वादच नाही. आणि पौल त्याच अध्यायात म्हणतो, तुमच्यासाठी मी राहणं जास्त गरजेचं आहे. माझं भांडण धडधाकट माणसांशी आहे. नदीकाठच्या विश्वासणाऱ्यांचं सामान पावसाळ्याआधी कुठे हलवायचं, हा विषय आमच्या मंडळीच्या बैठकीत अजून निघालेला नाही. तुमच्याकडे निघाला का?