मदत हवी आहे: मॉड्यूलर जेडीबीसी ड्रायव्हरमधली ऐच्छिक डिपेन्डन्सी कशी हाताळावी?

नमस्कार. आमच्या कंपनीच्या अंतर्गत वापराचा एक जेडीबीसी ड्रायव्हर (जावा प्रोग्रामला डेटाबेसशी जोडणारी लायब्ररी) मी सांभाळतो. विंडोजच्या खात्याने लॉगिन करण्यापुरती त्याला जेएनए लायब्ररी (जावातून ऑपरेटिंग सिस्टिमची फंक्शन्स बोलावणारी) लागते. लिनक्स सर्व्हरवर तिचा काहीच उपयोग नसल्यामुळे मेव्हन या बिल्ड टूलच्या पॉम फाइलमध्ये ती ऑप्शनल आणि मॉड्यूल-इन्फोमध्ये (मॉड्यूलला काय लागते ते सांगणारी फाइल) ‘रिक्वायर्स स्टॅटिक’ म्हणून नोंदवली आहे.

सगळे क्लासपाथवर (लायब्ऱ्या शोधण्याची जुनी, मॉड्यूल न मानणारी यादी) होते तोवर काही बिघडले नाही, कारण तिथल्या जार फाइलमधल्या मॉड्यूल-इन्फोकडे जेव्हीएम पाहतच नाही. आता एक अ‍ॅप्लिकेशन मॉड्यूलपाथवर (मॉड्यूल मानणारी यादी) गेले आणि विंडोज लॉगिनला ‘नोक्लासडेफफाउंडएरर’ (क्लास सापडत नाही) येऊ लागली. जेएनएची जार त्याच लिब फोल्डरमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी होती. तिचे नाव आणि आवृत्ती ताडून पाहण्यात माझा अर्धा दिवस गेला. शेवटी ‘--शो-मॉड्यूल-रिझोल्यूशन’ लावून पाहिले, तर यादीत ड्रायव्हर होता, जेएनए नव्हते. ‘रिक्वायर्स स्टॅटिक’ने मागितलेले मॉड्यूल कंपाइल करताना सक्तीचे असले, तरी चालताना दुसऱ्या कोणी मागितल्याशिवाय ते ग्राफमध्ये (चालताना घेतलेल्या मॉड्यूलांच्या जाळ्यात) येतच नाही, मग जार मॉड्यूलपाथवर असो वा नसो. ‘--अ‍ॅड-मॉड्यूल्स’ने जेएनएचे नाव दिल्यावर लॉगिन झाले, पण प्रत्येक टीमला आपापली स्टार्ट स्क्रिप्ट बदलायला सांगणे मला पटत नाही. जेएनए क्लासपाथवर ठेवून पाहिले, तेव्हा ‘इल्लीगलअ‍ॅक्सेसएरर’ आली, कारण क्लासपाथवरचे सगळे निनावी मॉड्यूलमध्ये जाते आणि नाव असलेले मॉड्यूल निनावी मॉड्यूल वाचत नाही.

म्हणून लॉगिनचा भाग वेगळ्या मॉड्यूलमध्ये काढायचा विचार आहे. ड्रायव्हर लॉगिनचा इंटरफेस ‘यूजेस’ने जाहीर करील, नवे मॉड्यूल जेएनए साध्या ‘रिक्वायर्स’ने मागून तो ‘प्रोव्हाइड्स’ने पुरवील, आणि सर्व्हिस बाइंडिंगमुळे (‘यूजेस’ला जुळणारे ‘प्रोव्हाइड्स’ शोधून जोडणे) दोन्ही जार मॉड्यूलपाथवर असल्या की आपोआप ग्राफमध्ये येतील. जेलिंक (लागतील तेवढीच मॉड्यूले घेऊन जावाची छोटी रनटाइम इमेज बनवणारे साधन) मात्र हे बाइंडिंग स्वतःहून करत नाही, आणि ‘--बाइंड-सर्व्हिसेस’ दिले की जेडीकेमधले नको असलेले कितीतरी प्रोव्हायडर इमेजमध्ये शिरतात.

माझे दोन प्रश्न आहेत. जेलिंक वापरणाऱ्यांना ‘--अ‍ॅड-मॉड्यूल्स’मध्ये फक्त नव्या मॉड्यूलचे नाव द्यायला सांगितले, तर पुढे काही अडचण येते का? आणि जेएनएचा वापर एकाच क्लासमध्ये कोंडून तो रिफ्लेक्शनने उघडला, तर वाचण्याची परवानगी गृहीत धरली जाते आणि क्लासपाथवरची जेएनए तरी चालते, असा माझा समज आहे. पण त्या क्लासमधले जेएनएचे थेट उल्लेख पुन्हा त्याच तपासणीत अडकणार नाहीत का? ज्यांनी असा ड्रायव्हर प्रत्यक्ष विभागला आहे त्यांनी कृपया सांगावे.