मॅव्हरिक: हायब्रिड की ऑल-व्हील-ड्राइव्ह, विकताना जास्त भाव कशाला?

न्यूजर्सीकर: मंडळी, जुनी फोर्ड मॅव्हरिक (छोटा पिकअप ट्रक) बघतोय, २०२३ ची. एक हायब्रिड आहे, एक टर्बो पेट्रोल, ऑल-व्हील म्हणजे इंजिनाचा जोर चारही चाकांना. चार-पाच वर्षांनी विकणार हे नक्की. बायको म्हणते बर्फात अडकलास तर मला फोन करू नकोस 😄 कुठली घ्यावी?

टेकाडे_भाऊजी: हायब्रिड, डोळे झाकून. गॅलनला सरासरी ३७ मैल मायलेज आहे, ऑल-व्हीलवाली २५ च्या आसपास, वर्षाला १२ हजार मैल धरले तर दीडशे गॅलन वाचतात, आणि पेट्रोल महाग झालं की सगळे हिलाच शोधत येतात. बॅटरीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख मैल आहे, ती संपत आली की मात्र गिऱ्हाईक कुरकुर करणार.

मिनेसोटाचा_मामा: भाऊजी, तुम्ही टेक्सासात बसून बोलताय! आमच्याकडे डिसेंबरात ड्राइव्ह-वेवरचा बर्फ उपसताना पाठ मोडते, इथे गिऱ्हाईक पहिला प्रश्न ऑल-व्हीलचाच विचारतं. शिवाय टो पॅकेज (मागे ट्रेलर ओढायची सोय) असेल तर ऑल-व्हीलवाली ४००० पौंड ओढते, त्या वर्षीची हायब्रिड फक्त २०००.

स्टेपनी: एक विसरताय सगळे. २०२५ पासून हायब्रिडमध्येच ऑल-व्हील मिळायला लागलं, म्हणजे पुढे तुमच्या दोन्ही गाड्यांना तिच्याशी टक्कर आहे. मी माझी हायब्रिड विकायला काढली तेव्हा डीलरने टेलगेटवरचा एक ओरखडा दाखवून भाव पाडला, शेवटी शेजाऱ्यालाच दिली.

न्यूजर्सीकर: हायब्रिडच घेतो मग, आणि चार स्नो टायर. बायकोला अजून सांगितलं नाहीये.