शब्दचर्चा : ‘हवामान बदल’ म्हटले की माणसे का उठून जातात?

फोंड्याहून (मूळ प्रश्न)

आमच्या ग्रामसभेच्या नोटिशीचा मराठी मसुदा मी करतो. या खेपेला विषय होता ‘हवामान बदल व आपला गाव’. फळ्यावर कागद लावत होतो तेवढ्यात एका आजोबांनी तो वाचला आणि विचारले, “म्हणजे पाऊस कधी पडणार ते सांगायला कोण येतोय?” सभेला अकरा जण आले, त्यांतले पाच पंच. मागच्या सभेला रस्त्याच्या हॉटमिक्सचा विषय होता तेव्हा उभे राहायला जागा नव्हती. दोष लोकांचा की शब्दाचा? दुसरा शब्द सुचतो का कुणाला?

मडगावहून

आजोबांचे काही चुकले नाही. अरबीतून फारसीमार्गे आलेली ‘हवा’ आणि संस्कृत ‘मान’, म्हणजे मोजमाप, असा हा जोडशब्द. तापमान, पर्जन्यमान यांचाच भाऊ. आज छत्री घ्यावी का, हेही हवामान. आणि गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, हेही हवामानच. शास्त्राला यातली पहिली गोष्ट आजची वाटते, दुसरी निदान ३० वर्षांची सरासरी. हिंदीत मौसम आणि जलवायु अशी दोन दारे आहेत. आपण ‘जलवायू’ घरात घेतला नाही. त्यामुळे ‘हवामान बदलले’ या वाक्याचा मराठी अर्थ एवढाच: आभाळ आले, दोरीवरचे कपडे काढा.

पुढचा शब्द आणखी मवाळ. ‘जरा बदल म्हणून’ माणूस मामाच्या घरी जातो. आणि हवा नि बदल एकत्र आले की मराठी कानाला ऐकू येते ती ‘हवापालट’. आजारातून उठलेल्याला डॉक्टर ती सांगत, लोक चार दिवस समुद्रकाठी राहत. म्हणजे आमच्याकडेच येत! संकटाला आपण नकळत औषधाचे नाव देऊन बसलो आहोत.

महाराष्ट्रात खात्याच्या नावात ‘वातावरणीय बदल’ आला आहे. पण वातावरण निवडणुकीत तापते आणि चुलत्यांच्या वाटणीत गढूळ होते.

डिचोलीहून

इंग्रजीतही हे भांडण जुने आहे. २००२ साली फ्रँक लुन्ट्झ या अमेरिकी सल्लागाराने रिपब्लिकन पक्षाला लेखी सल्ला दिला होता, ‘ग्लोबल वॉर्मिंग’ म्हणू नका, ‘क्लायमेट चेंज’ म्हणा, ते कमी भीतीदायक वाटते. शब्द त्याने शोधला नव्हता, १९८८ साली स्थापन झालेल्या आयपीसीसी या हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या नावातच तो आहे. पण मवाळपणा त्याने बरोबर हेरला. उलट बाजूने ‘गार्डियन’ या ब्रिटिश वर्तमानपत्राने २०१९ मध्ये आपल्या बातमीदारांना ‘आणीबाणी’, ‘संकट’ असे शब्द वापरायला सांगितले.

मी ‘तापमानवाढ’च्या बाजूचा. निदान त्यात ‘ताप’ आहे. अडचण आकड्याची. २०२४ हे साल कारखानदारीपूर्व काळापेक्षा जगभर सरासरी सुमारे दीड अंशाने गरम गेले, असे बसमध्ये बोलत होतो. कंडक्टर घाम पुसत म्हणाला, “दीडच?”

पेडण्याहून

तुम्ही सगळे पुस्तकातले बोलता. माझ्या सासूबाईंचा शब्द ऐका: ‘ऋतुमान’. “ऋतुमान बिघडलं गो.” त्या हे म्हणतात तेव्हा हातात काहीतरी खराब झालेले असते. २०२५ साली मान्सून २४ मेला केरळात उतरला आणि २६ ला मुंबईत. मधल्या आम्हाला तो चुकतो कसा? त्या दिवसांत अंगणात सोलांचे (आमसुलांचे) पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्यासाठीची बेगमी, चालू होते. रतांब्यांच्या (कोकमाच्या फळांच्या) साली मीठ घातलेल्या रसात बुडवायच्या, उन्हात घालायच्या, पुन्हा बुडवायच्या, असे आठवडाभर. चौथ्या दिवशी पाऊस लागला. ताडपत्रीखाली दोन रात्री राहिली, तिसऱ्या सकाळी सालींवर पांढरी बुरशी. सासूबाईंनी एक साल नाकाजवळ नेली आणि म्हणाल्या, “पावसान घात केलो.” हवामान बदलले असे काही त्या म्हणाल्या नाहीत.

एक साल लवकर पाऊस आला म्हणून सगळे हवामान बदलाच्याच माथी मारू नये, हे मला कळते. पण ‘पुरुमेंत’ या शब्दातच कालगणना आहे: मे महिना सुकवायचा, जून भिजायचा. ती मोडली की शब्दही पोकळ होतो. तसाच ‘अवकाळी’. वळीव अवकाळी नव्हे, तो आपल्या वेळेवर येतो. हल्ली बातम्यांत प्रत्येक सर अवकाळी असते. दरवर्षी येणाऱ्याला अवकाळी कसे म्हणायचे?

दिवाडीहून

ताईंचे पटले, पण शब्द बदलून काही होईल असे मला वाटत नाही. आमच्या खाजनात ‘खारें उदक’ हा शब्द सगळ्यांना कळतो. त्याला भाषांतर लागत नाही. तरी बांध फुटले ना?

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: नदीकाठची सखल शेते मातीच्या बांधांनी राखलेली, आणि मधे ‘मानस’, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायचे दार. त्याची लाकडी दारे भरतीच्या जोराने आपोआप मिटतात, सुकतीला उघडतात. गावकारी, म्हणजे गावाची जुनी सामाईक संस्था, हे सगळे सांभाळायची, चिखल-गवत घालून बांध बुजवायची. पुढे कूळ कायदा आला, जमिनीचे संबंध बदलले, आणि बांध कुणाचा हा प्रश्न लोंबकळत राहिला. मानशीवरच्या मासेमारीच्या ठेक्याचे पैसे भातापेक्षा बरे. मासळीसाठी दार उघडे राहिले तर खारे पाणी माणसानेच आत घेतलेले असते.

समुद्रही चढतोच आहे. १९०१ ते २०१८ या काळात जगभर सरासरी २० सेंटिमीटर, म्हणजे वीतभर. आता वेगही वाढलाय. पण शेतात उभे राहून कोण सांगणार, यातले कुठले पाणी त्या विताचे आणि कुठले उघड्या दाराचे? माणूस दाराशी भांडू शकतो, कारण दाराला ठेकेदार आहे. विताला कोण आहे? मी तरी अजून समुद्राविरुद्ध अर्ज लिहिलेला नाही.

मडगावहून

मग व्याकरणातच सापडले की! ‘बदल’ला कर्ता नाही. ‘बांध फुटला’लाही नाही, पण तिथे ‘कुणामुळे?’ असे लगेच विचारता येते. ‘हवामान बदलले’ म्हटले की कुणी तसे विचारत नाही, आपण मान वर करून आभाळ बघतो. ‘हवामान बिघडवणे’ म्हणून बघा. प्रयोजक रूप आले की बिघडवणारा शोधावा लागतो.

डिचोलीहून

बिघडवणारे म्हणजे आपणही, कोळसा-डिझेल जाळणारे सगळेच. ते नोटिशीत लिहिलेत तर अकराचे सहा होतील.

फोंड्याहून

सर्वांचे आभार, पुढच्या सभेचा कागद काल लावला. दिवाडीकर बाब आणि पेडण्याच्या ताई, दोघांचे उचलले: ‘खारे पाणी, लवकरचा पाऊस, आणि बांध कोणी बांधायचा’. तेच आजोबा पुन्हा आले. पूर्ण वाचले, “बांध कोणी बांधायचा” वर बोट ठेवले आणि १९७० च्या सुमाराला कुणाच्या बापाने कुठली दुरुस्ती टाळली ते तासभर सांगत राहिले. सभेला येतो म्हणालेत. इतिवृत्ताच्या वहीत मात्र विषयाच्या रकान्यात ‘क्लायमेट चेंज’ असेच पडले आहे, कारण निधी त्याच नावाने मागायचा असतो.