स्पॅगेटिफिकेशनला मराठीत काय म्हणाल?

प्रश्न : हिंगोली जिल्ह्यात शिकवतो. औंढ्याजवळ लायगो-इंडिया, म्हणजे कृष्णविवरांच्या टकरींतून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा, होणार म्हटल्यापासून लेकरं कृष्णविवराचं काही ना काही विचारतात. त्यात पडणारी वस्तू ताणून लांबलचक होते, त्याला मराठी शब्द? 'शेवईकरण' म्हणालो तर वर्गात हशा पिकला.

– 'ओढाताण' आहे की आयता!

– ओढाताण महिनाअखेरीला होते हो, ती जागा अडलेली आहे. शेवईच बरी. फक्त कोणती शेवई ते सांगा. सोऱ्यातून मागून दाबून काढलेली नव्हे, उन्हाळ्यात बाजेवर पाट टेकवून हातानं ओढलेली. आमची आई सोजीच्या पिठाचा गोळा पाटावर वळायची, खाली मावशी धार ओढत न्यायची. धार जितकी लांबते तितकीच बारीक होते. कृष्णविवराजवळ दोन्ही एकदमच घडतं : उभा ताण, आडवा दाब.

आणि हे नुसत्या 'जबर ओढी'नं होत नाही, वर्गात नेमकं इथंच चुकतं. मोकळं पडणाऱ्याला ओढ जाणवतच नाही. जाणवतो तो फरक : पाय विवराच्या जवळ, डोकं लांब, म्हणून पायांना ओढ जास्त. चंद्रामुळे समुद्राला भरती येते तीही अशाच फरकानं. अंतर निम्मं झालं की हा ताण आठपट.

– मग मोठ्या विवरात शेवई आणखी बारीक?

– उलट आहे. सूर्याच्या दहापट वस्तुमानाच्या विवराचं घटना क्षितिज, म्हणजे जिच्या आतून काहीच परत येत नाही ती सीमा, केंद्रापासून जेमतेम ३० किमीवर. तिथवर पोचायच्या आधीच माणसाचा निकाल लागतो. आपल्या आकाशगंगेच्या मध्यावरचं विवर ४० लाख सूर्यांहून जड, त्याचं क्षितिज सव्वा कोटी किमीच्या आसपास. तिथं डोक्या-पायातला फरक इतका किरकोळ की क्षितिज ओलांडताना काही कळायचंही नाही. शेवई होते, पण आत गेल्यावर.

– 'विवर' शब्दानंच घोळ होतो. आमची पोरं लोणारसारखा खड्डा समजतात, तळ कुठंय विचारतात.

– तो शब्द आता रुळला, बदलत नाही. पण '-करण' परीक्षेच्या पेपरापुरतं ठेवा. बोलताना सरळ म्हणा, 'पडणाऱ्याची शेवई होते.'

प्रश्नकर्ता : म्हटलं. एक पोरगी म्हणाली, सर, मग काठीवर वाळत कोण घालतं?