मदत हवी आहे : बीओटी संकुलाचा ताबा घेण्याआधीची पाहणी

मराठवाड्यातल्या एका नगरपरिषदेच्या बांधकाम विभागात आहे. बीओटीवर (विकासकाने बांधायचं, ठरलेली वर्षं चालवायचं, मग नगरपरिषदेला परत द्यायचं) दिलेल्या व्यापारी संकुलाची ३० वर्षांची मुदत १४ महिन्यांत संपते. करार करणारे सगळे निवृत्त झाले, आणि असा ताबा घेतलेलं आमच्यात कुणीच नाही.

करारात एवढंच आहे की इमारत ‘सुस्थितीत’ परत करावी. सुस्थिती म्हणजे काय, ते कुठेच नाही. अभिलेख कक्षात करारनामा सापडला, मंजूर नकाशे नाहीत. देखभालीच्या नोंदींसाठी विकासकाला दोन पत्रं दिली, उत्तर नाही. जमीन काळी, उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. जोत्याला आत्ताच तडे दिसतात, त्याची खरी काळजी आहे. (गाळेधारकांचा प्रश्न विधी सल्लागारांकडे आहे, तो इथे नको.)

ब्रिटनमध्ये असे ७०० हून अधिक करार होते; तिथे मुदतीच्या सात वर्षं आधी तयारीला लागा म्हणतात. आपल्याकडे सव्वा वर्षही उरलेलं नाही! मोठी सल्लागार संस्था परवडणार नाही, म्हणून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाकडून स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची तपासणी) करून घ्यायचा विचार आहे.

कुणी असा ताबा घेतला असेल तर सांगा: ऑडिटच्या कार्यादेशात नेमकं काय काय लिहिलंत, आणि दुरुस्ती मुदतीच्या आतच विकासकाकडून कशी करून घेतलीत?