माजी सैनिक काकांसाठी व्हीलचेअर आणि गावातच मदत – काय सोय होईल? (बजेट २० हजार)

कोरेगावकर: काका हवालदार होते. नोकरीत असतानाच कण्याला मार लागला, कमरेखाली काही जाणवत नाही. काकूच त्यांना उचलायच्या, आता त्यांचे गुडघे गेलेत. काकांना गाव सोडायचं नाही. जुनी खुर्ची मुरमात रुतते. कोणती घ्यावी? मदतीला माणूस कसा मिळेल?

सुभेदार_रिटायर: इलेक्ट्रिकच घ्या, बजेटच्या वर गेली तरी. भावाला घेतली, आता एकटा चौकात जाऊन चहा पिऊन येतो.

माणदेशी: वीज जाते त्याचं काय? आमच्याकडचं धूड शेडमध्ये धूळ खातंय. पुण्याला वानवडीच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरला न्या.

सुभेदार_रिटायर: वानवडीला कृत्रिम हातपाय बसवतात. कण्याच्या दुखापतीला खडकीचं पॅराप्लेजिक (कमरेखाली लुळे पडलेल्यांचं) सेंटर, १९७४ पासून आहे. उगाच पळवू नका त्यांना.

वैशाली_फिजिओ: खुर्चीआधी गादी बघा. जाणीव नसली की बसून बसून जखम होते ते कळतच नाही. हवेची गादी घ्या. काकांनी थोड्या थोड्या वेळाने हातांवर जोर देऊन बूड उचलायचं. रोज रात्री काकूंनी माकडहाडाजवळची कातडी बघायची. लाल डाग बोटाने दाबूनही पांढरा पडत नसेल तर त्या जागेवर अजिबात भार नको, डॉक्टरांना दाखवा. खुर्चीची पुढची चाकं मोठी हवीत. आणि आधी दार मोजा.

पेठनाका: आमच्या पेठचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात जखमी झाले आणि १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक आणलं! काकांना पाण्यात उतरवा.

वैशाली_फिजिओ: विहिरीत नको हो, कृपा करून.

कृष्णाकाठ: माणसाचं कुणी बोललंच नाही. पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, काढा. मेडिकल बोर्डाने १०० टक्के अपंगत्व दिलं असेल तर कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स आहे का बघा, तो सांभाळणाऱ्या माणसासाठीच असतो. नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. ग्रामपंचायतीला स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करावे लागतात, दारातला रॅम्प त्यातून मागा.

माणदेशी: मागा म्हणणं सोपं आहे. आमच्या सरपंचाने त्या पैशातून काय केलं ते विचारू नका.

सुभेदार_रिटायर: म्हणून ग्रामसभेत लेखी मागायचं आणि पोच घ्यायची. ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) असेल तर खुर्ची घेण्याआधी पॉलिक्लिनिकमधून लिहून घ्या. ओळखीतल्या एकाने आधी खरेदी केली, बिल अडकलंय. आणि परत सांगतो, इलेक्ट्रिक.

कोरेगावकर: सर्वांचे आभार. काकांना नवी खुर्चीच नको. हाताने चालवायची तीनचाकी पाहिजे, दूध घेऊन डेअरीवर स्वतः जायचंय. तीच घेतोय. अलाउन्सचा कागद नको म्हणतात, पण काकूंनी पीपीओ माझ्याकडे दिलाय, अर्ज मी करणार. तोवर भावकीतली एक वहिनी सकाळी येईल, तिचे पैसे मी देतो. रॅम्पचा अर्ज येत्या ग्रामसभेत. वैशालीताई, तीनचाकीच्या सीटवर हवेची गादी घसरते का? पट्टा लावावा का?